अर्धा इंच लाकूड

मित्रांनो, मी पिस्तुलाची एक जुनी मूठ आहे. गोळी माझ्यातून सुटत नाही आणि चाप माझ्या अंगाला नाही. पण माणसाचा हात सगळ्यात आधी माझ्यावर पडतो, आणि त्या हाताच्या मनात काय चाललंय ते मला सगळ्यात आधी कळतं.

नेब्रास्कातल्या डोरन गावात हार्लन टिबेट्स नावाचा म्हातारा बंदुका दुरुस्त करायचा. वादळात पडलेल्या अक्रोडाच्या खोडातून त्याने मला कोरलं. कोरण्याआधी त्याने विल्डा केसेलच्या हातात ओल्या मातीचा गोळा दिला.

"आवळ. घट्ट म्हणजे घट्ट. मेव्हण्याचा गळा समज."

विल्डा हसली नाही. तिने गोळा आवळला, आणि मातीत चार बोटं उमटली. त्या मापाने मी तयार झाले आणि पाच गोळ्यांच्या एका छोट्या पिस्तुलावर बसले.

विल्डा शिंपीण होती. रोडिओच्या खेळातल्या घोडेस्वारांचे शर्ट, नवऱ्यामुलींचे झगे, सगळं शिवायची. तिची धाकटी बहीण आयोन नवऱ्याला सोडून दूरच्या राज्यात निघून गेली होती. त्या नवऱ्याने, रॉइस डन्फीने, तिच्या दोन फासळ्या मोडल्या होत्या. आयोनचा पत्ता एकट्या विल्डाला ठाऊक होता, आणि हे रॉइसला ठाऊक होतं. दुकानापासून शंभर यार्डांच्या आत यायचं नाही, असा कोर्टाने त्याला हुकूम दिला होता. तो रोज गाडी घेऊन यायचा, एकशेएकाव्या यार्डावर थांबायचा आणि काचेतून दुकानाकडे बघत बसायचा.

मी विल्डाच्या कमरेला, शर्टाखाली असायचे. पण शिंपिणीच्या दुकानात गिऱ्हाइकं अगदी अंगाशी उभी राहतात. एक दिवस शाळेतल्या मार्लिस बाई लग्नाच्या झग्याचं माप द्यायला आल्या आणि म्हणाल्या, "विल्डा, कमरेला काय गं बांधलंयस? टाचण्यांची उशी एवढी मोठी असते होय?"

विल्डाचे कान लाल झाले. आज मार्लिसला दिसलं, उद्या रॉइसला दिसेल. त्याच संध्याकाळी ती हार्लनकडे गेली.

"खालून अर्धा इंच कापा."

"अर्धा इंच म्हणजे तुझी करंगळी, पोरी."

"करंगळीने कोणी चाप ओढत नाही."

"ओढत नाही, पण धरते. गोळी सुटली की पिस्तूल वर उसळतं. तेव्हा खालून कोण आवळून धरणार, मी?"

"हार्लन, तुम्हाला बंदुका कळतात, मला कपडे कळतात. कुठे काय फुगतं ते मला दिसतं. कापा."

त्याने कापलं. करवत माझ्या बुडातून गेली. मागच्या शेतात तिने पाच गोळ्या झाडून पाहिल्या. पहिली मधोमध लागली. उरलेल्या चार वर आणि उजवीकडे भरकटत गेल्या, कारण प्रत्येक दणक्याला मी तिच्या तळव्यात फिरत होते.

"होईल सवय," विल्डा म्हणाली.

"तुला होईल. लाकडाला नाही होणार."

पण शर्ट आता सपाट बसत होता. आरशात ती उजवीकडून, डावीकडून वळून बघायची आणि समाधानाने मान हलवायची. मला मात्र धाकधूक लागून राहिली होती.

मे महिन्यातली दुपार होती. मार्लिस बाई झगा घालून स्टुलावर उभ्या होत्या. विल्डा गुडघ्यावर बसून घेराला टाचण्या लावत होती. तेवढ्यात बाहेर गाडीचं इंजिन सुरू झालं, आवाज जवळ आला आणि दाराशीच थांबला. मग काच फुटली.

रॉइसच्या हातात टायर काढायची लोखंडी पहार होती.

"काय शिंपीणबाई, बहिणीचा पत्ता कुठल्या अस्तरात शिवून ठेवलाय?"

"रॉइस, बाहेर हो."

"आधी पत्ता." त्याने शिलाई मशीनवर पहार हाणली. मग ती विल्डाच्या डोक्यावर उगारली.

विल्डाने मला उपसलं. तीन बोटं माझ्यावर आवळली गेली. करंगळी मला शोधत आली आणि हवेतच मिटली. पहिली गोळी छताच्या तुळईत गेली. त्या दणक्याने मी घामट तळव्यात गर्रकन फिरले. तिचं बोट अजून चापावरच होतं. दुसरी गोळी सुटली आणि स्टुलामागचा आरसा फुटला.

मार्लिस बाई तशाच उभ्या होत्या. पांढऱ्या झग्यावर काचा पडल्या होत्या आणि कानाच्या पाळीतून रक्ताचा बारीक ओघळ खाली येत होता.

रॉइस पळाला. संध्याकाळी पकडला गेला, चार महिने आत गेला. मार्लिस बाईंना काच लागली होती, गोळी नव्हे. एका वितीचा फरक होता. त्यांनी टाचण्यांसकट झगा उतरवून ठेवला.

"तो तुला मारायला आला होता, मी पाहिलंय," त्या म्हणाल्या. "पण विल्डा, मी परत इथे नाही उभी राहू शकणार."

त्यानंतर मी चार महिने खणात पडून होते. विल्डा अधूनमधून खण उघडायची, माझ्याकडे बघायची आणि बंद करायची. मला वाटलं, आता हाच माझा शेवट.

सप्टेंबरात निरोप आला की रॉइस शुक्रवारी सुटतोय. विल्डा मला घेऊन हार्लनकडे गेली.

"कापलेलं परत जोडा."

"ते मी शेगडीत घातलं. नवीन मूठ करून देऊ?"

"नको. हिलाच लांब करा. माझं चुकलं ते मला रोज दिसू दे."

त्याने मेपलच्या फिकट लाकडाचा तुकडा चिकटवला आणि पितळेची खीळ ठोकली. घरी जाऊन विल्डाने आपले सहा शर्ट उसवले. बाजूच्या शिवणी ढिल्या केल्या, घेर वाढवला, कमरेशी आतून जाड अस्तर लावलं.

"वेडी मी," ती स्वतःशीच पुटपुटली. "हे आधी कापायचं होतं."

मग दर रविवारी चर्चहून आली की ती हार्लनच्या शेतात जायची. तो रागवायचा थांबेपर्यंत ती सराव करत राहिली.

ऑक्टोबरात एकदा भर दुपारी ती मागच्या गल्लीत गाडीतून कापडाचे तागे काढत होती. वळली, तर दाराच्या आणि तिच्या मधे रॉइस उभा. हातात तशीच पहार.

"आज काय फोडणार? आरसा नवा बसवलास ना?"

मी तिच्या हातात आले. या वेळी चारही बोटं माझ्यावर बसली. बाकीच्या हाताने मला असं धरलं होतं की तर्जनीला घाई उरली नव्हती. ती चापाबाहेर सरळ पडून होती. रॉइसच्या मागे तारेचं कुंपण होतं, आणि कुंपणापलीकडे मधल्या सुट्टीतली शाळेची मुलं आरडाओरडा करत होती. विल्डाने ती पाहिली. मला तसूभरही न हलवता ती दोन पावलं बाजूला सरकली. आता रॉइसच्या मागे धान्याच्या कोठाराची विटांची भिंत आली.

"पहार टाक."

"तू नाही मारणार."

"पाऊल पुढे टाकलंस तर मारीन. नाही टाकलंस तर नाही. ठरव."

आम्ही तशाच उभ्या राहिलो. तिचा घाम माझ्यावर कोरलेल्या रेषांत उतरत होता. तिचं काळीज तळव्यातून माझ्यावर आपटत होतं. पण मी फिरले नाही. रॉइस तिच्या चेहऱ्याकडे बघत होता. मग त्याची नजर तिच्या हातावर आली आणि तिथेच राहिली.

पहार जमिनीवर खणकन पडली.

शेजारच्या बेकरीवालीने फोन केला होता. शेरीफची माणसं येऊन त्याला घेऊन गेली तरी विल्डाचा हात उघडेना. त्यांच्यातल्या एका बाईने तिच्या पाठीवर हात ठेवला आणि "झालं गं, झालं" म्हणत एकेक बोट सोडवलं.

या वेळी रॉइस बऱ्याच वर्षांसाठी आत गेला, आणि आयोन नाताळात घरी आली. आता दुसऱ्या मशीनवर तीच बसते. विल्डाची नजर अधू झाली आहे आणि मी कुलूपबंद लोखंडी कपाटात असते.

मित्रांनो, हार्लनची गिऱ्हाइकं माझं कोरीवकाम बघून वाहवा करायची. मला मात्र त्या गल्लीतल्या, न सुटलेल्या गोळीचा अभिमान वाटतो. तुम्हाला कधी एखाद्या उघड्या खणात किंवा उशीखाली माझ्यासारखी कोणी दिसली, तर हात लावू नका. मागे सरा आणि मोठ्या माणसाला हाक मारा. मी हातात फार छान बसते हो. भीती त्याचीच आहे.