लेबल तीन महिने टिकलं पाहिजे

दादा लाँचमधून खाडीपलीकडच्या इस्पितळात पोचला, खडखडीत बरा झाला आणि आईच्या हातचा चहा पिऊन वर "साखर कमी आहे" असंही म्हणाला.

हे वाक्य आपण वाचलेलंच नाही, असं समजून पुढे जाऊ.

झालं ते एवढंच की, धक्क्यावरच्या गोदामात कीटकनाशकाचं पिंप कलंडलं आणि खाली उभा असलेला दादा डोक्यापासून पायांपर्यंत भिजला. त्याची धाकटी बहीण त्याच धक्क्यावर मालाची लेबलं तपासायची. घातक माल बोटीने नेण्याचे आंतरराष्ट्रीय नियम बंदराने नुकतेच स्वीकारले होते आणि ते तिला तोंडपाठ होते. अशा प्रत्येक वेष्टनावर मेलेल्या माशाचं चित्र हवं आणि ते लेबल समुद्राच्या पाण्यात तीन महिने टिकायला हवं. गेल्याच आठवड्यात एका लेबलाचा कोपरा उचललेला दिसला, म्हणून तिने लाँच अडवली होती आणि लाँचवाल्याला चारचौघांत झापलं होतं.

दादाला इस्पितळात न्यायला ती लाँचपाशी आली, तर तोच लाँचवाला आता चढायच्या फळीवर वाट अडवून उभा होता.

"ताई, हा माल कुठला?"

"माल काय म्हणता? भाऊ आहे माझा!"

"आत काय भरलंय?"

"सकाळचा नाश्ता," दादा थरथरत म्हणाला. "बाहेरून कीटकनाशक."

"म्हणजे घातक पदार्थ, वेष्टनासकट. लेबल कुठाय?"

"अहो, आधी धुऊन तरी काढू त्याला!" तिने नळाची नळी ओढली.

"ते पाणी जाईल कुठे?" मागून बंदराच्या साहेबांनी शांतपणे विचारलं. उतार सरळ खाडीकडे होता. नळाशेजारची 'येथे काहीही धुऊ नये' ही पाटी तिनेच ठोकली होती.

मग तिने गठ्ठ्यातलं सगळ्यात चांगलं लेबल काढून दादाच्या पाठीवर चिकटवलं.

"टिकेल ना गं?"

"तीन महिने."

"वा! माझ्यापेक्षा बरं की."

लाँचवाल्याने नखाने खरवडून पाहिलं. "कोपरा उचललाय."

दादाला दरदरून घाम सुटला होता. तिने कोपरा तळहाताने दाबून धरला.

"हात काढा ताई. हात लेबलात धरत नाहीत."

तिने दुसरं लेबल त्याच्या कपाळावर लावलं. तेही थरथरायला लागलं.

"नाव?"

"दादा."

"घरचं नाव चालत नाही. रासायनिक सांगा." तिने ते लांबलचक नाव न अडखळता सांगितलं. लाँचवाल्याने ते सावकाश, अक्षर वळणदार काढत लिहिलं.

"नियमात सूट आहे ना!" ती ओरडली. "जीव वाचवायचा असेल तर!"

"आहे की. जीव वाचवायचा असेल तर घातक माल समुद्रात टाकून देता येतो. टाकू?"

दादा हसला. निदान तसा आवाज तरी आला. त्याची थरथर थांबली, घामही थांबला. लाँचवाल्याने पुन्हा नख लावलं आणि मान डोलावली.

"आता कसं पक्कं बसलंय!"

साहेबांनी टोपी काढली, पुन्हा घातली. "फार वाईट झालं."

"निदान आईकडे तरी नेऊ द्या," ती म्हणाली. "आता तो काही सांडणार नाही."

"रिकामं झालेलं वेष्टन नीट धुतलेलं नसेल, तर ते भरलेलंच धरायचं. तुम्हीच तर शिकवलंत सगळ्यांना." त्यांनी नळाकडे पाहिलं, मग पाटीकडे. "आणि धुवायचं तर..."

पलीकडच्या धक्क्यावर कुणीतरी छत्री धरून उभं होतं. आईच असावी. तिला निरोप गेला होता, तोही अर्धाच.

बहिणीने पिंपावर कागद ठेवला आणि अर्ज लिहायला घेतला:

'धक्क्यावर पडून असलेले वेष्टन हे वेष्टन नसून माझा भाऊ आहे, अशी नोंद घेण्यात यावी. त्याच्या कपाळावरील लेबल तीन महिन्यांच्या आत काढण्याची परवानगी मिळावी, तसेच त्यास प्रवासी समजून लाँचमध्ये खिडकीजवळची जागा देण्यात यावी, ही नम्र विनंती.'