वर्गात बसलेला घरमालक

रॉस्कोला अर्धांगवायू झाला आणि क्लीव्हलंडमधलं तिसऱ्या मजल्यावरचं घर म्हणजे त्याचा तुरुंगच झालं. इमारतीला लिफ्ट नाही आणि व्हर्डेल नवऱ्याला चाकाच्या खुर्चीसकट उचलणार तरी कशी? गेल्या उन्हाळ्यापासून बिचाऱ्याने अंगणाचं तोंड पाहिलं नव्हतं. तळमजल्यावर एक घर मिळावं, एवढंच तिचं मागणं होतं.

मागच्या खेपेला ती शेजारच्या इमारतीतलं तळमजल्याचं घर मागायला गेली, तेव्हा तिथला घरमालक हॅनलन तोंडावर म्हणाला होता, "खुर्चीने माझ्या भिंती खरवडून निघतील, बाई. शिवाय तुम्हा काळ्यांना घर दिलं की बाकीचे भाडेकरू कुरकुरतात."

व्हर्डेल ऐकून घेणाऱ्यातली नव्हती. तिने शहराच्या तक्रार कार्यालयात भेदभावाची तक्रार केली आणि ती जिंकलीही. तोवर ते घर दुसऱ्याला गेलं होतं. हॅनलनला शिक्षा काय, तर भेदभावाच्या कायद्याच्या वर्गाला बसायचं! साठीचा बाप्या बाकावर बसला म्हणून सगळं चर्च पोट धरून हसलं होतं.

आता त्याच इमारतीचा तळमजला पुन्हा रिकामा झाला.

"आता कुठे जातोय! चांगला पोळलाय," म्हणत व्हर्डेलने चर्चला घालायची जांभळी हॅट चढवली आणि ती निघाली.

हॅनलनने उठून खुर्ची पुढे केली, कॉफी विचारली. "अर्ज जरूर करा, मॅडम. आमच्याकडे सगळ्यांना एकच नियम. खुर्चीसाठी दाराशी उतार हवा असेल, तर त्यालाही आमची हरकत नाही."

ती तरंगतच घरी आली. रॉस्कोने तर अंगणात टोमॅटो लावायचे बेत सुरू केले.

शुक्रवारी फोन आला. "दुसरा अर्ज अधिक योग्य वाटला, मॅडम. घर शोधायला शुभेच्छा."

तिने तडक तक्रार कार्यालयातल्या इव्हॉनला फोन लावला.

"काही वावगं बोलला का, मावशी?" इव्हॉनने विचारलं.

"कसलं वावगं! साखर पेरत होता मेला."

"काय बोलायचं नाही, तेच आम्ही वर्गात शिकवतो गं. आता धरू कशात त्याला?"

व्हर्डेलने फोन ठेवला. रॉस्को तिच्याकडेच बघत होता. काय झालं ते तिच्या चेहऱ्यावरून त्याला कळलं.

"तो आधीचाच बरा होता गं," तो म्हणाला. "निदान भांडता तरी आलं."

ती त्याच्या खुर्चीपाशी खाली बसली आणि हमसून हमसून रडली.