हिरामणचं लायसन परत आलं

रिक्षातून उतरायच्या आधीच हिरामण ओरडला, "आये, मिळालं!"

विमलाबाईंनी निवडत असलेली भाजी सुपात टाकली आणि लेकाचं लायसन उलटसुलट करून डोळे भरून पाहिलं. तीन महिने घरचा ट्रक दारात उभा होता, तो त्यांच्यापायी. पुतणीच्या हळदीला निघताना बावीस माणसं मागे हौद्यात चढवली ती त्यांनीच. "माझी वरात आगाशीहून ट्रकातूनच आली होती!" म्हणाल्या होत्या. खोटं नव्हतं ते. दोराला धरून गाणाऱ्या बायका, वळणावर एकमेकींच्या अंगावर पडणं, वाऱ्याने उडालेली अबोलीची वेणी, पन्नास वर्षांत त्या काही विसरल्या नव्हत्या. पण नायगावच्या पुढे हायवेला पोलिसांनी गाडी अडवली. मालाच्या गाडीत माणसं, म्हणून लायसन तीन महिने निलंबित. "पुन्हा सापडलात तर कायमचं जाईल," आरटीओतले साहेब म्हणाले होते.

लायसन अजून विमलाबाईंच्याच हातात होतं, तोच शेजारची रंभा धापा टाकत आली. मागे पंधरा-सोळा बायका, नटलेल्या, हातांत रुखवताच्या परड्या.

"हिरामण, बस आलीच नाही रे! माझ्या रचनाचं लग्न तासावर आलं. माणिकपूरचा हॉल गाठायचाय. काढ ट्रक!"

"काकी, ट्रकात माणसं नाही नेणार."

"माणसं कुठायत? आम्ही बायका!"

एकच हशा पिकला. दोघी तर हौद्यात चढल्यासुद्धा. एकीने गाणंही धरलं.

हिरामणने आईकडे पाहिलं. विमलाबाईंचे पाय शिवशिवत होते, सूर ओळखीचा होता. त्या तरातरा ट्रकामागे गेल्या.

"उतरा गो खाली!"

"विमले, तू सांगतेस हे?" रंभा चाटच पडली.

"मीच सांगणार. मागल्या खेपेला मीच घालवलं लायसन. परड्या ठेवा वर, रुखवत म्हणजे माल. तुम्ही रिक्षात."

पदर खोचून त्या रस्त्यावर उभ्या राहिल्या. पहिली रिक्षा थांबली, दुसरी, तिसरी. एका रिक्षात चौथी घुसू लागली तिला त्यांनी दंडाला धरून ओढलं. "त्या बिचाऱ्याचं लायसन घालवशील!"

सगळ्यांची सोय लागली. पुढे रुखवताचा ट्रक, मागे सहा रिक्षा, आणि सहाही रिक्षांत वेगवेगळी गाणी. विमलाबाई ऐटीत केबिनमध्ये लेकाशेजारी बसल्या.

हिरामणने गाडी सुरूच केली नाही.

"आता काय रे?"

"पट्टा लाव, आये."

"हो बाबा," त्या हसत म्हणाल्या, "पण तो कुठून ओढायचा ते तरी दाखव!"