चिंगी मागे बघायची

प्रभावती गेल्याचं मला कळलं त्या दिवशी चिंगी जिंकली होती.

गोवा राज्य झालं त्या वर्षीचा पावसाळा. पुण्याचा सीझन चालू होता. मी शर्यतीच्या घोड्यांच्या तबेल्यात सईस होतो, म्हणजे घोड्याला चारणारा, घासणारा, फिरवणारा माणूस. माझ्याकडे चिंगी होती. कागदावर तिचं नाव इंग्रजी आणि लांबलचक होतं. ते आम्हाला कोणालाच नीट म्हणता येत नसे, म्हणून चिंगी. तपकिरी रंगाची, अंगाने लहान घोडी.

शर्यत संपली. मालकाने तिच्या मानेवर थोपटलं आणि फोटो काढून घेतला. त्या फोटोत दोर धरून मी उभा आहे आणि सगळे दात दिसतील एवढा हसतो आहे. फोटो झाल्यावर बाबाजी आला आणि त्याने दोर माझ्या हातातून घेतला. बाबाजी आमचा जमादार, सगळ्या सईसांवरचा माणूस, आमच्या गोव्याच्या पेडण्यातल्या कोरगावचा. त्यानेच मला डिचोलीजवळच्या माझ्या गावाहून, सर्वणहून आणून या कामाला लावलं होतं. धावून आलेली घोडी जमादार कधी स्वतः फिरवत नाही. म्हणून मी त्याच्या तोंडाकडे बघितलं.

"म्हादू, तू आता गाडी पकड. घराकडे जा. प्रभावती गेली."

"कोण प्रभावती?" मी विचारलं. माझ्या बायकोचं नाव तबेल्यात कोणी घेत नसे. मला खरंच कळलं नाही.

त्याने मोकळ्या हाताने माझा दंड धरला. मग कळलं.

तिला ताप होता. तो डोक्यात गेला आणि पहाटे डिचोलीच्या दवाखान्यात ती संपली. तिचा भाऊ सगुण पाळी गावच्या खाणीवर खनिजाचा ट्रक चालवायचा. त्याने खाणीच्या ऑफिसातून ट्रंक कॉल लावला होता. ट्रेनरसाहेबांच्या ऑफिसात तो बाबाजीने घेतला होता.

"कधी?" मी विचारलं.

"सकाळी."

"आणि आता सांगतंस?"

"घोडी धावूची होती रे. तुझ्या हातातसून तिका कळला असता."

ही तबेल्यातली रीत आहे. शर्यतीच्या दिवशी सईसाला वाईट बातमी सांगायची नाही. सईसाच्या मनातलं दोरातून घोड्याला पोचतं आणि घोडा धावत नाही, असं सगळे मानतात. ही रीत मला माहीत होती. दुसऱ्यांच्या बाबतीत ती मला बरोबरच वाटायची.

मी सर्वणला पोचलो तेव्हा बायका अंगण धूत होत्या. आम्हाला मूल नाही. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत माझी वाट बघून शेवटी सगुणने अग्नी दिला होता. तो ओल्या पंचानेच माझ्याकडे आला.

"भावोजी, कितकी वाट पळोवची? निरोप ना, कायच ना. पाऊस तसलो. लाकडां भिजत होती."

मी त्याला फोटोचं सांगितलं नाही. घोडी जिंकली एवढंच सांगितलं, आणि ते का सांगितलं ते मला माहीत नाही.

बारावं झाल्यावर सगुण म्हणाला की आता परत जाऊ नका, खाणीवर बघू काहीतरी. पण त्या घरात मला बसवेना. चुलीपाशी तिचा पाट होता, दोरीवर तिचं लुगडं वाळत घातलेलं तसंच होतं. मी पुण्याला परत गेलो.

तबेल्यात शिरल्या शिरल्या योगेश ओरडला. तो साताऱ्याकडचा, माझ्या शेजारच्या घोड्याचा सईस. "या राज्यवाले! आता तुमचं वेगळं राज्य. पुण्यात यायला कागद लागत असतील." बोलून झाल्यावर त्याला आठवलं. मग तो उगाचच घोड्याचा पाय उचलून नाल बघत बसला.

बाबाजीशी मी बोललो नाही. तो काम सांगायचा, मी मान हलवायचो. पुढे पुढे तो योगेशला सांगायला लागला, "त्याका सांग."

त्या दिवसांत चिंगीचं सुरू झालं.

दुपारची चंदी, म्हणजे भरड आणि भिजवलेले हरभरे, बालदीत घेऊन मी तिच्या ठाणावर गेलो. घोडा अशा वेळी बालदीकडे बघतो. चिंगीने बालदीकडे बघितलं नाही. तिने कान पुढे केले, मान लांब केली आणि माझ्या डाव्या खांद्यावरून मागे बघितलं. मग नाकातून हलकेच आवाज केला. ओळखीचं माणूस आलं की घोडी करते तसा.

मी वळून बघितलं. नळ होता, गवताच्या पेंढ्या होत्या. माणूस नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही. योगेश बालदी घेऊन गेला तर ती सरळ बालदीत तोंड घालायची. मी गेलो की आधी मागे बघायची.

आदल्या वर्षी प्रभावती महिनाभर पुण्याला आली होती. तबेल्यामागच्या खोल्यांत आम्ही राहिलो. येताना तिने डिचोलीच्या पोदेराकडचे, म्हणजे पाववाल्याकडचे उंडे आणले होते, आमच्याकडचे गोल कडक पाव. ते वाळून दगड झाले. ते टाकायचे नाहीत म्हणून ती रोज दुपारी चंदीच्या वेळी माझ्या मागून यायची आणि चिंगीला तुकडा द्यायची. आधी घाबरायची, हात लांब धरून म्हणायची, "गो चिंगे, पाव खा, हात खाव नाका." चार दिवसांत दोघींचं जमलं. मग मलाच ऐकवायची, "ही तुमच्यापरास शाणी. मागताना मान तरी वाकयता."

चिंगीने तसा आवाज त्या महिन्यात तिच्यासाठी केला होता. नंतर कोणासाठीही नाही. माझ्यासाठीसुद्धा नाही.

मी काही देवभोळा माणूस नाही. पण रोज दुपारी माझ्या खांद्यामागे एक जागा असायची आणि घोडी तिथे बघायची. मी अंघोळ करून, स्वच्छ कपडे घालून चंदी घेऊन जायला लागलो. एकदा मी हळूच म्हटलं, "मला सांगितलं नाही गो. मी आलो असतो." चिंगीचे कान तिकडेच होते. मला उत्तर ऐकू आलं नाही. तिला आलं असेल का, हे मला कळायला पाहिजे होतं. मागे प्रभावती असेल, तर ती रागावली आहे की नाही तेही कळायला पाहिजे होतं.

घोड्याचे कान वाचणारा एकच माणूस तबेल्यात होता. घोड्याला कुठे दुखतं, तो कशाला बुजला, हे बाबाजी लांबून सांगायचा. ट्रेनरसाहेबसुद्धा त्याला विचारायचे. मी बरेच दिवस अडून राहिलो. मग एका दुपारी त्याच्या खाटेपाशी जाऊन उभा राहिलो.

"चिंगी कोणाक तरी बघता," मी म्हटलं.

तो उठून बसला. मी बोललो याचंच आधी त्याला नवल वाटलेलं दिसलं. "चल," एवढंच म्हणाला.

तो नळापाशी एका बाजूला उभा राहिला. मी चंदी घेऊन गेलो. चिंगीने कान पुढे केले, मागे बघितलं, आवाज केला. मग खायला लागली. मी बाहेर आलो.

"बघितलंस?"

"बघितलंय."

"कोण आसा?"

बाबाजीने विडी काढली, पण पेटवली नाही. तबेल्यात विडी पेटवत नाहीत. तो ती बोटांत फिरवत राहिला.

"रागावशीत."

"रागावलेलोच आसंय. सांग."

"गेल्या वर्सा बायको मागसून येय तेव्हा तू दारात थांबस. ती वाकून आत येयसर थांबस. मग बालदी खाली ठेवस. बरोबर?"

मला आठवेना. असेल.

"आजय थांबलंस. दारात पाय टाकलंस, अंग जरा बाजूक केलंस, थांबलंस. माणूस कोणाक तरी वाट देता तसो. घोडी बघता तू कोणासाठी थांबलंस ता. तिका कोण दिसणा ना, म्हादू. तिका तू दिसतंस."

मी वळून ठाणाच्या दाराकडे बघितलं.

"घोड्याक माणसातला सगळा कळता," तो म्हणाला. "म्हणान तर त्या दिवशी..."

"त्या दिवसाचा बोलू नको."

"नाय बोलत."

मला त्याला मारावंसं वाटलं. ज्या गोष्टीमुळे त्याने माझ्या बायकोचं तोंड मला शेवटचं बघू दिलं नाही, तीच गोष्ट तो आता मला दुसऱ्यांदा सांगत होता. आणि दोन्ही वेळा तो खोटं बोलत नव्हता.

"खोटा वाटता तर उद्या बघ," तो म्हणाला. "थांबू नको. बालदी घे आणि सरळ आत जा, योगेश जाता तसो. तिने मागे बघला नाय, तर ता सगळा तुझाच."

"आणि बघला तर?"

"तर मगे माका विचारू नको."

दुसऱ्या दिवशी मी बालदी भरली. चालत निघालो तेव्हा ठरवलं होतं की थांबायचं नाही. दारापर्यंत गेलो. आता मला माझं अंग कळत होतं. डावा खांदा आपोआप मागे जात होता. मला सरळ आत जाता आलं असतं, चार पावलांचं काम. पण सरळ गेलो आणि चिंगीने मान बालदीत घातली, तर प्रभावती त्याच क्षणी जाणार होती, आणि या खेपेला तिला घालवणारा मीच असणार होतो.

मी थांबलो. चिंगीने मागे बघितलं.

बाबाजीने संध्याकाळी नुसती भुवई उचलली. मी मान हलवली नाही.

सीझन संपून घोडे मुंबईला गेले, आम्हीही गेलो. मुंबईत चिंगीच्या पुढच्या पायाला सूज यायला लागली. मालकाने तिला वीण घेण्यासाठी लांबच्या एका फार्मवर विकलं. ट्रक आला त्या दुपारी शेवटची चंदी मीच दिली. त्या दिवशी तरी न थांबता सरळ आत जाऊन बघावं, असं मनात आलं. पुन्हा संधी नव्हती. मी दारात पोचलो आणि नेहमीपेक्षा जास्त बाजूला सरलो, दोन माणसं जातील एवढा. चिंगीने कान पुढे केले. मग ट्रकवाल्याने हाक मारली.

मी पुढे ते काम सोडलं. आता सर्वणला असतो, सगुणबरोबर थोडी भाजी लावतो. बाबाजीही थकून कोरगावला आला आहे. शिरगावच्या जत्रेच्या दिवसांत तो एकदा आमच्याकडे आला. काठी टेकत आला, सोप्यावर बसला. इकडचं तिकडचं झालं. कोणाचे घोडे, कोण मेलं, योगेश आता जमादार झाला. निघताना त्याने विचारलं, "मगे, सरळ गेलंस काय रे कधी?"

मी त्याला म्हटलं, आणखी एक कप चहा घे. तो बसला आणि त्याने चहा घेतला.

चिंगी असताना मी तिच्या दारातून न थांबता एकदाही आत गेलो नाही. ते करायचं राहून गेलं.