वाणाचा पेचकस

कमलम्मा आणि मी लातूरला एकाच शाळेत शिकवायचो. शाळेत संगणक आले तेव्हा लिनक्स, म्हणजे आतलं सगळं कुणालाही वाचता-बदलता येणारी फुकटची संगणकप्रणाली, शिकलो त्या आम्ही दोघीच. त्याच्या सीड्या लाडवांच्या डब्यात घालून औशाला, देवणीला शाळाशाळांत वाटत फिरलो. "जे मशीन आपल्याला उघडता येत न्हाई, ते आपलं न्हाई," असं ती प्रत्येक वर्गात ठासून सांगायची. मुली तिच्याकडंच बघत राहायच्या. मी मागं सीड्या मोजत उभी असायचे.

निवृत्त झाल्यावर ती लेकाकडं नांदेडला गेली. पुढं माझी नात पुनम तिथं कॉलेजला लागली आणि रविवारी तिच्याकडं जाऊ लागली. रविवारचा मला येणारा फोन आधी उशिरा येऊ लागला, मग आखूड झाला.

"आजी, कमलआजीचा नवा लॅपटॉप वहीएवढा पातळ हाय. लई भारी! मागं एकबी स्क्रू दिसत न्हाई."

"मग बिघडला तर उघडायचा कसा?"

"उघडतच न्हाई. सगळं चिकटवलेलं."

मला आनंदच झाला. संक्रांतीला कमलम्माकडं हळदीकुंकू होतं. माझंही वाण तिथंच लुटायचं ठरवून मी लॅपटॉपचे बारीक स्क्रू काढायचे पेचकस घेतले आणि माझा जुना लॅपटॉप मांडीवर ठेवून बसनं निघाले. त्याचा स्क्रू न् स्क्रू मला पाठ. एक तर बॅटरीच्या खणात, कंपनीच्या कागदी पट्टीखाली दडलेला आहे. तो मीच शोधला आणि पट्टी परत चिकटवून टाकली.

बायकांच्या ओटीत तिळगुळासोबत पेचकस पडले. कमलम्माच्या हातात दिला तेव्हा मी मुद्दाम मोठ्यानं म्हणाले, "कमल, तुझ्या मशीनला हा कुठं लावायचा गं?"

बायका हसल्या. पुनम हसली नाही.

"लेकानं दिलाय, टाकू का उकिरड्यावर?" कमलम्मा म्हणाली. "आत लिनक्सच घातलंय मी. आणि तू सांग, तुझं वायफाय कशावर चालून राहिलंय?"

माझ्या वायफायला कंपनीची बंद फाइल लागते. तिच्यात काय आहे ते कुणालाच वाचता येत नाही. ती घातली नाही तर लॅपटॉपवर व्हिडिओ कॉल लागत नाही, पुनमचा चेहरा फोनच्या टीचभर पडद्यावर बघावा लागतो.

"घातली न्हवं ती फाइल? हाव म्हण की, अयोध्या! तुझी तडजोड झाकलेली, माझी उघड्यावर." तिनं माझ्या हातावर तिळगुळ ठेवला. "घे, गोड बोल."

बसस्टँडवर पुनमनं माझी लॅपटॉपची पिशवी धरली. "आजी, हा लॅपटॉप मला दे. मला असलाच पाहिजे, उघडता येणारा."

किती दिवसांनी मला बरं वाटलं! मी पिशवी तिच्या खांद्याला लावली. माझी दुसरी बॅग उचलून देत ती म्हणाली, "रविवारी कमलआजी शिकवणार हाय उघडायला. तू दिलेल्याच पेचकसानं."

बस सुटायला वेळ होता. पट्टीखालच्या स्क्रूचं सांगता आलं असतं. मी खिडकीतून हात हलवला.

रविवारी जेवण लवकर उरकलं आणि फोन शेजारी घेऊन बसले. त्या दोघींना तो स्क्रू सापडणार नाही.