रुमालावरचा तांबडा डाग

कोंबड्यांना लस टोचणाऱ्या मावशींचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. कोंबडीचे पंख फुंकून त्या "उवा" म्हणाल्या की उवा, विष्ठा पाहून "जंत" म्हणाल्या की जंत. शेडच्या दारात पाय धुतल्याशिवाय त्या मालकालाही आत सोडत नसत.

आज त्यांच्या शब्दावर एका सुनेचं शेड अवलंबून होतं. तीनशे कोंबड्या, तुरे पांढरेफटक, अंडी निम्म्यावर. सकाळी सहा मेल्या होत्या.

"हिनंच आणलं हे," सासरे म्हणाले. "भावाकडची जुनी खोकी आणली अंडी घालायला. मावशी, तुम्ही नुसतं हो म्हणा. उद्यापासून शेडला कुलूप, हिनं घर सांभाळायचं."

 मुठीएवढ्या पिल्लांपासून सुनेनं हे सगळं वाढवलं होतं. मावशींना सासऱ्यांचा भारी राग आला, पण राग म्हणजे पुरावा नव्हे.

त्यांनी पांढरा रुमाल काढला. तुरे असे पांढरे पडले की संशय रक्त पिणाऱ्या बारीक किडीचा; ती दिवसा लाकडाच्या फटीत दडते. फट दाबून पुसली की तांबडा डाग उठतो.

शेडच्या पलीकडच्या टोकाला ठेवलेली ती भावाकडची खोकी त्यांनी आधी पुसली. रुमाल कोरा.

"नीट बघा," सासरे म्हणाले.

"डोळे आहेत मला."

मग कोंबड्या बसायच्या दांड्या. तिसऱ्या दांडीला एक ठिपका, पाचवीला चार. दाराकडे येईल तसे डाग वाढत गेले. शेवटची दांडी दारालगतच्या फळीला टेकली होती, आणि तिथं रुमाल भिजल्यासारखा झाला.

मावशींचा हात थांबला. त्या फळीवर दर खेपेला एकच वस्तू ठेवली जायची. आताही होती. लशीची सागवानी पेटी, त्यांच्या यजमानांनी जायच्या आदल्या वर्षी स्वतः बनवलेली. शेडमागून शेड हिंडलेली. पाय सगळ्यांचे धुतले, पेटी कधीच नाही.

 त्यांनी "उन्हाळ्याचा त्रास आहे" म्हटलं असतं तर कुणी विचारलं नसतं. पुढे अकरा शेडं होती, आणि त्यांचं पोट त्यांच्यावरच होतं.

"काय निघालं?" सासऱ्यांनी विचारलं. सुनेनं मान खाली घातली.

ती खाली गेलेली मान मावशींना बघवेना. त्यांनी रुमालाच्या कोऱ्या कोपऱ्यानं पेटीच्या झाकणाचा सांधा पुसला आणि तांबडा झालेला तो कोपरा सासऱ्यांपुढे धरला.

"तुमच्या घरात मी आणलं हे. कुलूप लावायचंय ना? मला लावा. आणि बाकीच्या अकरा ठिकाणी मी आजच जाऊन सांगते."

 सून पुढे आली, आणि तेव्हा कुठे तिच्या तोंडून पहिला शब्द निघाला.

"मावशी, पेटी जाळावी लागेल."

मावशींनी सुया, बाटल्या काढून जमिनीवर ठेवल्या. रिकाम्या पेटीवरून एकदा हात फिरवला.

"काडेपेटी आण," त्या म्हणाल्या. "मीच लावते."