डाव्या कोपऱ्यातलं पोतं

बाबा निसर्गाचे फोटो काढायचे आणि लेक ते संगणकावर सुधारायची. कुठे आभाळ जरा गडद कर, कुठे फक्त दरीतल्या शेतावरची सावली उचल, असं बापलेकीचं काम वर्षानुवर्षं चाललं होतं. कापायला मात्र फारसं नसायचंच. बटण दाबण्याआधी बाबा चौकटीच्या चारही कडांवरून नजर फिरवायचे. “मधलं कुठे पळून जात नाही, घाण कोपऱ्यातून शिरते,” असं येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायचे.

एका हॉटेलला भिंतभर मोठे फोटो हवे होते, म्हणून बाबा तळ्याकाठी जाऊन आले. लेकीने फोटो उघडले. धुकं, पाणी, पलीकडचा डोंगर, सगळं बघत राहावं असं. पण डाव्या कोपऱ्यात सिमेंटचं फाटकं पोतं. पुढच्या फोटोतही तेच. त्याच्या पुढच्यात उजवीकडून विजेचा खांब अर्धा घुसलेला.

“बाबा, हे पोतं कापू, की पुसून टाकू?”

“कुठलं पोतं?”

तिला वाटलं, चेष्टा करताहेत. पण त्यांनी मान हळूहळू डावीकडे वळवली आणि मग थांबले. “हां, हे होय. वाऱ्याने आलं असेल.”

वाऱ्याने आलेलं पोतं दर फोटोत त्याच जागी कसं बसेल, हे तिने विचारलं नाही. मागचं काम मात्र उघडून बघितलं. प्रत्येक फोटोच्या कडा तिने छाटल्या होत्या, आणि दर खेपेला जरा जास्तच. हात सरावला होता, म्हणून डोक्यात आलं नव्हतं. मग एकेक आठवत गेलं. दाराच्या चौकटीला आपटणारा खांदा, कोपराने सांडलेला चहा, गाडीचा फुटलेला डावा आरसा. आणि बाबा आता आईला घेऊन डोंगरातल्या रस्त्याने मावशीकडे निघायच्या तयारीत होते. तिने खिळ्यावरची गाडीची किल्ली काढून घेतली.

“किल्ली दे.”

“आधी डोळे दाखवू.”

“माझ्या डोळ्यांना काय धाड भरलीय? ते बघ, तिथलं कॅलेंडर इथून वाचतो!” त्यांनी बारीक अक्षरंसुद्धा धडाधड वाचून दाखवली.

“कशाला त्यांच्या मागे लागतेस गं?” आई वैतागली.

लेक त्यांच्या डाव्या बाजूला जाऊन उभी राहिली. “समोरच बघा हं बाबा. मी काय करतेय?”

“काय करणार? उभी आहेस गप्प.”

ती हात जोरजोरात हलवत होती. आईने ते बघितलं आणि हातातली पिशवी खाली ठेवली.

काचबिंदू निघाला. “मधली नजर शाबूत राहते, म्हणून माणसाला पत्ताच लागत नाही,” डॉक्टर म्हणाल्या. “गेलेली नजर परत येणार नाही. थेंब न चुकता घातलेत तर उरलेली टिकवता येईल.” मग लेकीकडे वळून म्हणाल्या, “हे घराण्यात चालतं. तुम्हीही तपासून घ्या.”

बाबांनी गाडी सोडली, पण लेकीशी बोलणंही सोडलं. हॉटेलसाठी तिने फोटो दोन्ही बाजूंनी कापून अरुंद केले, डोंगरावरचा उजेड तेवढा वाढवला. मॅनेजर खूश झाला. “काय नेटकं काम आहे! नजर थेट मधेच जाते.” बाबा “आभारी आहे” म्हणाले आणि हाताने चाचपत दाराकडे गेले.

स्वतःची तपासणी ती ढकलत राहिली. आज काम आहे, उद्या कंटाळा आहे. खरं तर तिला भीती वाटत होती. एकदा थेंब घालून घेताना बाबांनी आपणहून तोंड उघडलं.

“तू गेलीस का गं?”

“जाईन.”

“जाईन काय जाईन? चल, मी येतो बरोबर.”

दोघं बसने गेली. आत तिने यंत्रावर हनुवटी टेकवली. उजेडाचा ठिपका दिसला की बटण दाबायचं होतं. ठिपका यायला वेळ लागला की ती उगाचच बटण दाबून टाकायची.

तिचे डोळे चांगले निघाले. दरवर्षी दाखवायला या, एवढंच. तिने बाहेर येऊन सांगितलं. बाबांनी चष्मा काढला आणि तो पुसायचं सोडून नुसताच हातात धरून बसले.